नवे घर घेताय? आधी कागद पाहा, मग नमुना फ्लॅट

बिल्डरच्या नव्या प्रकल्पात घर नोंदवताना कुटुंबाची आयुष्यभराची शिल्लक पणाला लागते. हा निर्णय नमुना फ्लॅटच्या झगमगाटात घ्यायचा की कागदपत्रे, हिशेब आणि घरातील सर्वांचे मत पाहून?

घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून, असे आपल्याकडे म्हणतात. पूर्वी घर बांधणारा स्वतः विटा मोजत असे, गवंड्याशी हुज्जत घालत असे आणि पाया भरताना उन्हात उभा राहत असे. शहरातल्या मध्यमवर्गीय कुटुंबाला आज ही संधी मिळत नाही. घर दुसराच कोणीतरी बांधतो. ग्राहक फक्त हप्ते भरतो आणि वाट पाहतो. अनेकदा तर तो पैसे देतो तेव्हा त्याचे घर असलेला मजला अजून आकाशातच असतो.

म्हणूनच या खरेदीत एक गोष्ट सुरुवातीलाच ध्यानात ठेवायला हवी. इमारत पूर्ण होऊन तिला भोगवटा प्रमाणपत्र मिळेपर्यंत बिल्डर विकत असतो ते केवळ एक आश्वासन. हे आश्वासन किती भरवशाचे आहे हे कागदपत्रांवरून समजते आणि ते पाळायला उशीर झाला तर आपण किती काळ तग धरू हे घरच्या हिशेबावरून समजते. या दोन्ही परीक्षांत उतरेल तेच घर घ्यावे. बाकी सर्व, म्हणजे तरणतलाव, क्लब हाऊस, संगमरवरी प्रवेशद्वार, नंतर पाहण्याच्या गोष्टी.

नमुना फ्लॅटची मोहिनी

रविवारी सकाळी कुटुंब साइटवर जाते. वातानुकूलित कार्यालयात सरबत मिळते, मुलांना चॉकलेट मिळते आणि सर्वांना नमुना फ्लॅट दाखवला जातो. आईला स्वयंपाकघर आवडते, मुले आपापली खोली वाटून घेतात. तेवढ्यात विक्री प्रतिनिधी सांगतो, ‘‘साहेब, या भावात शेवटचे दोनच फ्लॅट उरले आहेत. आज टोकन दिलंत तरच हा भाव.’’

या क्षणी मोह आवरणे कठीण असते. नमुना फ्लॅटमधला पलंग बहुधा नेहमीच्या मापापेक्षा लहान असतो, कपाटांना खोली कमी असते, खोल्यांना दारे नसतात आणि भिंतींवर आरसे असतात. त्यामुळे दहा फुटांची खोली बारा फुटांची वाटते. म्हणून मोजपट्टी घेऊन जावे. आपल्या घरातला पलंग, फ्रिज, कपाट आणि जेवणाचे टेबल यांची मापे एका कागदावर लिहून न्यावीत आणि ती मंजूर नकाशावरच्या मापांशी ताडून पाहावीत.

साइटला एकदाच जाऊन भागत नाही. रविवारच्या दुपारी मोकळा दिसणारा रस्ता सोमवारी सकाळी नऊ वाजता कसा असतो ते पाहावे. शक्य असेल तर जुलैच्या पावसात एक फेरी मारावी. पाणी कुठे तुंबते हे माहितीपुस्तिकेत छापलेले नसते. शेजारच्या इमारतीत राहणाऱ्यांना विचारावे, नळाला पाणी किती वेळ येते आणि महिन्याला किती टँकर लागतात? पुण्याच्या आसपासची उपनगरे असोत की बंगळूर आणि हैदराबादची, टँकरचा खर्च शेवटी सोसायटीच्या मासिक वर्गणीतूनच जातो.

सर्वात खरी माहिती मिळते ती त्याच बिल्डरने पाचसात वर्षांपूर्वी बांधलेल्या इमारतीत. तिथल्या सोसायटीच्या सचिवांना भेटावे. ताबा वेळेवर मिळाला का? गळती झाली तेव्हा बिल्डरने फोन उचलला का? सोसायटी स्थापन झाली का आणि जमीन तिच्या नावावर झाली का? या चार प्रश्नांची उत्तरे मिळाली की जाहिरात वाचण्याची फारशी गरज उरत नाही.

तयार घर की चालू बांधकाम?

चालू बांधकामातील घर स्वस्त पडते, असा सर्वसाधारण समज आहे. प्रति चौरस फूट भाव पाहिला तर तो खराही असतो. पण पूर्ण हिशेब मांडल्यावर चित्र बदलू शकते.

समजा, एका जोडप्याला चालू बांधकामातील घर ६० लाखांना मिळत आहे आणि ताबा तीन वर्षांनी आहे. त्याच भागात भोगवटा प्रमाणपत्र मिळालेले तसेच नवे घर ६६ लाखांना आहे. दोघे सध्या १८ हजार रुपये भाड्याच्या घरात राहतात. चालू बांधकामातील घरावर वस्तू व सेवा कर लागतो. १ एप्रिल २०१९ पासून हा दर सर्वसाधारण घरांना ५ टक्के आणि ४५ लाखांपर्यंतच्या, ठरावीक क्षेत्रफळाच्या आतील परवडणाऱ्या घरांना १ टक्का आहे. पूर्णत्वाचा दाखला मिळाल्यानंतर विकलेल्या घरावर हा कर लागत नाही. म्हणजे ६० लाखांच्या घरावर ३ लाख रुपये कर. तीन वर्षांचे भाडे ६ लाख ४८ हजार. दोन्ही मिळवले की ६० लाखांचे घर साडेएकोणसत्तर लाखांच्या घरात जाते. बँकेने टप्प्याटप्प्याने दिलेल्या कर्जावरील व्याज यात धरलेलेच नाही. उलट ६६ लाखांच्या घराला मुद्रांक शुल्क थोडे जास्त पडेल आणि कर्जाचा पूर्ण हप्ता लगेच सुरू होईल, पण भाडे बंद होईल आणि जे विकत घेतले ते डोळ्यांनी पाहता येईल.

याचा अर्थ चालू बांधकामातील घर घेऊच नये असा नाही. दोन भावांतील फरक मोठा असेल, राहत्या घराचे भाडे द्यावे लागत नसेल, पैसे हळूहळू जमणार असतील आणि बिल्डरचा पूर्वेतिहास चांगला असेल तर तो पर्याय योग्यही ठरतो. निर्णय मात्र आकडे मांडून व्हावा.

उशिराचा हिशेब तर आणखी महत्त्वाचा. वरच्याच उदाहरणात बँकेने ४८ लाखांच्या कर्जापैकी ४० लाख दिले आहेत आणि काम थांबले असे समजा. साडेआठ टक्के दराने महिन्याला सुमारे २८ हजार ३०० रुपये नुसते व्याज आणि वर १८ हजार भाडे, म्हणजे दरमहा ४६ हजारांहून अधिक. वर्षाला साडेपाच लाख रुपये आणि त्यातून मुद्दलाचा एक रुपयाही फिटत नाही. असा दोन वर्षांचा उशीर आपला संसार सोसू शकेल का, हा प्रश्न नोंदणीपूर्वी पतिपत्नीने एकमेकांना विचारायलाच हवा. उत्तर ‘नाही’ असेल तर तयार घर, जुने घर किंवा आणखी थोडे दिवस भाड्याचे घर हाच शहाणपणाचा मार्ग आहे.

रेरा क्रमांक हा पहिला टप्पा

घर खरेदीदारांच्या संरक्षणासाठी स्थावर संपदा कायदा २०१६ मध्ये आला आणि १ मे २०१७ पासून पूर्णपणे लागू झाला. लोक त्याला रेरा म्हणतात. त्याच दिवशी महाराष्ट्रात महारेरा प्राधिकरणाचे काम सुरू झाले. इंदूर, बडोदे, हैदराबाद किंवा बेळगाव येथे घर घेणाऱ्या मराठी कुटुंबांनी त्या त्या राज्याच्या रेरा प्राधिकरणाकडे पाहावे. कायद्याचा गाभा सर्वत्र तोच आहे, नियम आणि नमुने थोडे वेगळे.

नोंदणीशिवाय प्रकल्पाची जाहिरात करण्यास किंवा त्यातील घर विकण्यास बंदी आहे. ५०० चौरस मीटरपर्यंतच्या जमिनीवरील किंवा आठपर्यंत सदनिकांच्या छोट्या प्रकल्पांना मात्र नोंदणीतून सूट आहे. म्हणून तिथे जास्तच सावध राहावे लागते. रेराच्या संकेतस्थळावर प्रकल्पाचा क्रमांक टाकला की जमिनीची माहिती, मंजूर नकाशे, प्रकल्पावरील कर्ज, चालू खटले, किती घरे विकली गेली आणि पूर्ण करण्याची तारीख पाहता येते. महाराष्ट्रात ऑगस्ट २०२३ पासून जाहिरातीत क्यूआर कोड छापणेही बंधनकारक झाले आहे. तारीख मागे पुढे ढकलली गेली आहे का, हेही तिथेच दिसते.

पण रेरा क्रमांक आहे म्हणजे सर्व काही ठीक आहे, असे मानणे धोक्याचे आहे. कल्याण-डोंबिवली महापालिका हद्दीतील ६५ इमारतींच्या प्रकरणाने हे दाखवून दिले. पालिकेच्या बनावट बांधकाम परवानग्या तयार करून त्यांच्या आधारे महारेराची नोंदणी मिळवल्याचे २०२२ मध्ये उघडकीस आले. १९ नोव्हेंबर २०२४ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने या इमारतींवर कारवाईचा आदेश दिला. तोवर अनेक घरांत कुटुंबे राहायला आली होती, बँकांनी कर्जेही दिली होती. क्रमांक खरा होता, त्यामागची परवानगी खोटी होती.

यावरून शिकायचे ते एवढेच की बांधकाम परवानगीची प्रत बिल्डरकडून घ्यावी आणि तिचा क्रमांक व तारीख महापालिकेच्या नगररचना विभागात जाऊन खरी करून घ्यावी. अर्ध्या दिवसाची रजा पडेल. ६० लाखांच्या खरेदीत ती महाग नाही.

जमीन कोणाची, परवानगी किती मजल्यांची?

इमारत कितीही देखणी असली तरी ती ज्या जमिनीवर उभी आहे तिचा मालक कोण, हे पाहणे आवश्यक आहे. महाराष्ट्रात त्यासाठी सातबारा उतारा किंवा शहरात प्रॉपर्टी कार्ड पाहतात. गोव्यात एक-चौदाचा उतारा, मध्य प्रदेशात खसरा, कर्नाटकात पहाणी. या नोंदींखेरीज गेल्या तीस वर्षांतील व्यवहार तपासून वकिलाने दिलेला शोध अहवाल मागावा. बिल्डरच्या वकिलाचा अहवाल असतोच, पण तो बिल्डरने पैसे देऊन घेतलेला असतो. आपला स्वतंत्र वकील नेमावा. त्याची फी नव्या घराच्या पडद्यांवरच्या खर्चापेक्षा फार जास्त नसते.

जुन्या इमारतीच्या पुनर्विकासातील घर घेताना आणखी एक गोष्ट पाहावी. तिथे जमीन सोसायटीची असते आणि बिल्डरचा हक्क सोसायटीशी झालेल्या करारावर अवलंबून असतो. जुन्या सभासदांना भाडे वेळेवर मिळते आहे का, हे विचारावे. भाडे थकले असेल तर भांडण दारात उभे आहे असे समजावे. बिल्डर चुकला म्हणून सोसायटीने त्याच्याशी करार रद्द केला, तर विक्रीच्या घरांचे नवे ग्राहक सोसायटीकडे हक्क मागू शकत नाहीत, त्यांनी बिल्डरकडेच दाद मागावी, अशी भूमिका मुंबई उच्च न्यायालयाने २०१४ मधील एका निकालात घेतली होती.

परवानगी किती मजल्यांची आहे आणि आपले घर कितव्या मजल्यावर आहे, हा प्रश्न साधा वाटतो. पण मुंबईत वरळीच्या कॅम्पा कोला आवारातील रहिवाशांसाठी तोच जीवनमरणाचा ठरला. १९८० च्या दशकात तिथे पाच मजल्यांची परवानगी असताना बरेच जास्त मजले चढले. वरच्या मजल्यांवर लोक पाव शतक राहिले. फेब्रुवारी २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बेकायदा मजल्यांना संरक्षण नाकारले आणि जून २०१४ मध्ये पालिकेने त्या घरांचे पाणी, वीज आणि गॅस तोडला. ‘बाकीचे राहतात तसे आपणही राहू’ हा युक्तिवाद कोर्टात टिकला नाही.

केरळात कोचीजवळच्या मरडू येथे स्थानिक संस्थेची परवानगी होती, पण किनारा नियमन क्षेत्राच्या नियमांचा भंग झाला होता. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने तेथील उंच गृहसंकुले ११ आणि १२ जानेवारी २०२० रोजी स्फोटकांनी पाडण्यात आली. समुद्र, खाडी, नदी, जंगल किंवा लष्करी ठाणे जवळ असेल तर फक्त पालिकेची परवानगी पुरत नाही, हे त्यावरून ध्यानात यावे.

नोएडातील सुपरटेकच्या जुळ्या मनोऱ्यांची गोष्ट वेगळी. एमराल्ड कोर्ट या संकुलात घर घेणाऱ्यांना जिथे बाग दाखवली होती तिथेच पुढे हे मनोरे उभे राहिले. रहिवाशांनी वर्षानुवर्षे लढा दिला. २०१४ मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयाने आणि ३१ ऑगस्ट २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला आणि २८ ऑगस्ट २०२२ रोजी मनोरे जमीनदोस्त झाले. नकाशात ‘भावी विस्तार’ असे लिहिलेला कोपरा दिसला की तिथे काय येणार, हे लेखी विचारून घ्यावे. मंजूर आराखड्यात इमारतीचा मोठा बदल करायचा तर दोन तृतीयांश घर खरेदीदारांची लेखी संमती लागते, असे रेरा कायदा सांगतो.

चौरस फुटांचे कोडे

पूर्वी बिल्डर सुपर बिल्टअप क्षेत्रफळावर पैसे घेत. त्यात जिना, लिफ्ट, प्रवेशदालन, एवढेच काय, पाण्याच्या टाकीखालच्या जागेचाही वाटा धरला जाई. हजार चौरस फुटांचे घर म्हणून पैसे भरलेल्या माणसाला आत चालायला साडेसहाशे फूटच मिळत.

रेराने कार्पेट क्षेत्रफळाची व्याख्या ठरवली. घरातील प्रत्यक्ष वापरायची जागा आणि आतल्या भिंतींखालची जागा त्यात येते. बाहेरच्या भिंती, पाइपांचे डक्ट, बाल्कनी आणि गच्ची त्यात येत नाहीत. करारात हेच क्षेत्रफळ लिहिलेले असावे. त्यामुळे दोन प्रकल्पांची तुलना करताना एकूण किमतीला कार्पेट क्षेत्रफळाने भागावे. अशा भागाकारानंतर स्वस्त वाटलेला प्रकल्प महाग आणि महाग वाटलेला स्वस्त निघाल्याचे पुष्कळदा दिसते. ताबा घेतेवेळी क्षेत्रफळ मोजून घ्यावे. महाराष्ट्रातील आदर्श करारात फक्त ३ टक्क्यांपर्यंतचा फरक मान्य केलेला आहे.

पार्किंगच्या बाबतीतही गैरसमज असतात. उघड्यावरील किंवा इमारतीखालच्या खांबांमधील पार्किंगची जागा बिल्डर वेगळी सदनिका असल्याप्रमाणे विकू शकत नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने ३१ ऑगस्ट २०१० रोजी मुंबईतील एका सोसायटीच्या प्रकरणात दिला आहे. पार्किंगसाठी वेगळी रक्कम मागितली तर ती कशाची, जागा बंदिस्त आहे का आणि तिचा क्रमांक करारात आहे का, हे विचारून घ्यावे.

करारनामा रात्रभर घरी ठेवा

बरीच कुटुंबे करारनामा दुय्यम निबंधकाच्या कार्यालयातच पहिल्यांदा पाहतात आणि ‘इथे सही, इथे सही’ म्हणणाऱ्या एजंटच्या बोटामागे पेन फिरवतात. शेसव्वाशे पानांचा तो दस्त आधी मागून घ्यावा, आठवडाभर घरी ठेवावा आणि वकिलाकडून समजून घ्यावा.

नोंदणीकृत करार होण्यापूर्वी बिल्डर किमतीच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम घेऊ शकत नाही. महाराष्ट्राच्या १९६३ च्या फ्लॅट कायद्यात ही मर्यादा २० टक्के होती, रेराने ती निम्मी केली. ‘आधी तीस टक्के भरा, करार पुढच्या महिन्यात करू’ असे कोणी म्हटले तर तिथेच थांबावे. काही रक्कम रोखीने मागणाऱ्याशी व्यवहारच करू नये. त्या पैशाची पावती नसते आणि भांडण झालेच तर तो पैसा कागदावर अस्तित्वात नसतो.

करारात ताब्याची तारीख स्पष्ट हवी. ‘सुमारे छत्तीस महिन्यांत’ अशी भाषा नको. उशीर झाल्यास ग्राहकाला दोन मार्ग आहेत. व्यवहारातून बाहेर पडून सर्व पैसे व्याजासह परत मागायचे किंवा घर ठेवून उशिराच्या प्रत्येक महिन्याचे व्याज घ्यायचे. महाराष्ट्रात हा दर स्टेट बँकेच्या कर्जदरावर २ टक्के असा ठरतो. ग्राहकाने हप्ता उशिरा भरला तरी दर तोच. करारात ग्राहकाला १८ टक्के आणि बिल्डरला नाममात्र दंड असे एकतर्फी कलम दिसले तर आक्षेप घ्यावा. अशी एकतर्फी कलमे ही अनुचित व्यापारी प्रथा असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये म्हटले आहे.

माहितीपुस्तिका, जाहिराती आणि विक्री प्रतिनिधीशी झालेला पत्रव्यवहारही जपून ठेवावा. जाहिरातीतील खोट्या आश्वासनामुळे नुकसान झाल्यास भरपाई मागण्याचा हक्क कायद्याने दिला आहे. तोंडी आश्वासन मात्र हवेत विरते. ‘बागेकडचाच फ्लॅट देतो’ हे वाक्य कागदावर येत नसेल तर ते विसरून जावे.

पैसा कुठे जातो?

ग्राहकांनी भरलेल्या रकमेपैकी ७० टक्के रक्कम प्रकल्पाच्या स्वतंत्र बँक खात्यात ठेवून ती त्याच जमिनीच्या आणि बांधकामाच्या खर्चासाठी वापरावी, असे रेराचे बंधन आहे. हे बंधन का आले हे समजण्यासाठी आम्रपाली समूहाचे उदाहरण पुरेसे आहे. ग्राहकांचा पैसा दुसरीकडे वळवला गेला आणि बेचाळीस हजारांहून अधिक खरेदीदार अडकले. २३ जुलै २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने समूहाची नोंदणी रद्द करून अपुरी घरे पूर्ण करण्याचे काम एनबीसीसी या सरकारी कंपनीकडे सोपवले. घरे मिळू लागली, पण दरम्यान लोकांच्या आयुष्याची कितीतरी वर्षे गेली.

‘आता वीस टक्के भरा, ताब्यापर्यंत हप्ता बिल्डर भरेल’ अशा योजनांपासूनही जपून राहावे. कर्ज ग्राहकाच्याच नावावर असते. बिल्डरने व्याज भरणे थांबवले की बँकेची नोटीस ग्राहकाच्या दारी येते. राष्ट्रीय गृहनिर्माण बँकेने जुलै २०१९ मध्ये गृहवित्त कंपन्यांना अशा योजनांपासून दूर राहण्यास सांगितले आणि २०२५ मध्ये दिल्ली परिसरातील अशा व्यवहारांची सीबीआय चौकशी करण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने दिला. बँकेने प्रकल्पाला मान्यता दिली आहे, यालाही हमी समजू नये. बँक आपल्या कर्जाची काळजी घेते, घराची काळजी ग्राहकालाच घ्यावी लागते.

घराच्या किमतीशिवाय लागणारी रक्कमही आधी मांडावी. ६० लाखांच्या घराला बँक साधारण ८० टक्क्यांपर्यंत म्हणजे ४८ लाख देते. उरलेले १२ लाख स्वतःचे. त्यावर ३ लाख वस्तू व सेवा कर, मुद्रांक शुल्क व नोंदणी मिळून सुमारे ४ लाख, सोसायटीच्या आगाऊ वर्गण्या, ग्रिल, दिवे, ओटा, कपाटे. १२ लाखांची तयारी करून बसलेल्या कुटुंबाला प्रत्यक्षात २० ते २२ लाख लागतात. हा फरक भरून काढायला मग आईचे दागिने किंवा वडिलांची निवृत्तीची ठेव मोडली जाते.

किल्ली मिळाली म्हणजे ताबा मिळाला?

गणपतीआधी किंवा पाडव्याला गृहप्रवेश व्हावा अशी घरच्यांची इच्छा असते. बिल्डरही ‘फर्निचरसाठी किल्ली घ्या, ओसी येईलच’ म्हणतो. इथे घाई करू नये. भोगवटा प्रमाणपत्र म्हणजे ओसी नसेल तर इमारत राहण्यायोग्य आणि मंजूर नकाशानुसार आहे याचा पुरावाच नसतो. मुंबईतील एका सोसायटीला ओसीअभावी मालमत्ता कर २५ टक्के आणि पाणीपट्टी ५० टक्के जादा भरावी लागत होती. ओसी न देणे ही सेवेतील त्रुटीच आहे, असा निर्णय ११ जानेवारी २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्या सोसायटीच्या प्रकरणात दिला.

ताबा घेताना पाण्याचे नळ, उतार, खिडक्या, विजेचे सर्व बिंदू तपासावेत आणि उणिवांची यादी लेखी द्यावी. बांधकामातील दोष ताब्यापासून पाच वर्षांत दिसून आला तर बिल्डरने तो तीस दिवसांत विनामूल्य दुरुस्त करायचा असतो. त्यानंतर सोसायटीची स्थापना आणि जमिनीचे अभिहस्तांतरण यांचा पाठपुरावा सर्व शेजाऱ्यांनी मिळून करावा. ज्या इमारतीखालची जमीन तीस वर्षांनंतरही बिल्डरच्या नावावर आहे, तिथे पुनर्विकासाच्या वेळी काय होते हे मुंबई-पुण्यातल्या अनेक सोसायट्या जाणतात.

घरातल्या सर्वांचे ऐकावे

घराचा व्यवहार बऱ्याच कुटुंबांत पुरुषच ठरवतात आणि बायकोला शेवटी टाइल्सचा रंग निवडायला बोलावतात. खरे तर घरात सर्वाधिक वेळ कोण राहणार, शाळेची बस कोण गाठणार, म्हाताऱ्या सासूला लिफ्ट बंद पडल्यावर सहाव्या मजल्यावर कसे नेणार, हे प्रश्न तिलाच आधी सुचतात. कमावत्या पत्नीचे नाव करारात आणि कर्जात दोन्हीकडे असावे. महाराष्ट्रात घर फक्त स्त्रीच्या नावावर घेतले तर मुद्रांक शुल्कात १ टक्क्याची सवलतही मिळते.

वडीलधाऱ्यांची ठेव मोडून घर घ्यायचे असेल तर त्यांच्याशी मोकळेपणाने बोलावे. ‘‘बाबा, तुमचे पैसे घातले तर तुमच्या औषधपाण्याला काय उरेल?’’ हा प्रश्न विचारायला मुलाला अवघड वाटते आणि उत्तर द्यायला वडिलांना. पण तो आज टाळला तर पुढे दवाखान्याच्या दारात विचारावा लागतो. दोघांच्या पगारावर हप्ता बसवला असेल तर एकाची नोकरी सहा महिने गेली तर काय, याचाही विचार व्हावा. सहा महिन्यांच्या हप्त्यांइतकी रक्कम बाजूला ठेवता येत नसेल तर घर एक खोली लहान घ्यावे किंवा वर्षभर थांबावे.

नाही म्हणायचे केव्हा?

बांधकाम परवानगीची प्रत द्यायला बिल्डर टाळाटाळ करत असेल, करारनामा घरी न्यायला देत नसेल, दहा टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम आधी मागत असेल, रोखीचा आग्रह धरत असेल, पूर्णतेची तारीख दोनतीनदा पुढे गेली असेल किंवा त्याच्या जुन्या इमारतीत लोक ओसीविना राहत असतील, तर यातले एक कारणही पुरेसे आहे. टोकन दिले असले तरी मागे फिरावे. थोडे पैसे बुडतील, पण आयुष्यभराची पुंजी वाचेल.

कायद्याने ग्राहकाला पुष्कळ बळ दिले आहे. रेराकडे तक्रार करता येते, ग्राहक आयोगाकडे जाता येते आणि २०१८ पासून दिवाळखोरीच्या प्रक्रियेतही घर खरेदीदारांना वित्तीय धनकोचे स्थान आहे. तरीही आदेश मिळणे आणि पैसे हातात पडणे यांत बरेच अंतर असते. वसुलीचे काम जिल्हाधिकारी कार्यालयाकडे जाते आणि तिथे फेऱ्या मारण्यात उमेद संपते.

म्हणून या आठवड्यात एखाद्या प्रकल्पात टोकन द्यायचे ठरले असेल तर ते पंधरा दिवस पुढे ढकलावे. त्या पंधरा दिवसांत रेराचे पान पाहावे, नगररचना विभागात एक फेरी मारावी, वकिलाला कागद दाखवावेत, जुन्या इमारतीतल्या सचिवांना भेटावे आणि एका संध्याकाळी सर्वांनी मिळून हिशेबाची वही उघडावी. ‘आजच भाव बंद होतो’ म्हणणारा प्रतिनिधी पंधरा दिवसांनी पुन्हा फोन करतोच.